छिन्नीचा हात

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
११ नोव्हेंबर २०२४

प्रमिलावहिनींना,

नमस्कार लिहीत नाही, कारण तो मनात नाही. फोन केला असता, पण पत्र्याच्या शेडखाली जन्मभर घण ऐकून तुमचे दोन्ही कान गेलेत, आणि मोबाइलवरचा मेसेज वाचायचा नाही हा तुमचा हट्ट. समोर येऊन बोलले असते, पण अनंतादादाच्या तेराव्याला तुम्ही जे बोललात त्यानंतर कोन गावच्या त्या उंबऱ्याला माझा पाय लागायचा नाही. म्हणून हा कागद अंकुशच्या टेम्पोतून पाठवते. तो खडी घेऊन रोज तुमच्या दारावरून जातो, उत्तर द्यायचं असेल तर त्याच्याकडेच द्या.

काल बेकरीवाला काशिराम आला आणि मी त्याला दिलेल्या सगळ्या दातेरी सुऱ्या माझ्या ओट्यावर ठेवून गेला. म्हणाला, "ताई, पाव वाकडा कापला जातो. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. गिऱ्हाईक ओरडतंय. आणि कोनच्या वहिनी तर बोलल्या, ही सुरी आमच्या ऐरणीवरची नाय, लाकडं फोडायला ठेव."

असं बोललात तुम्ही? माझी सुरी मी रोज सकाळी स्वतः पावावर चालवून बघते. लोण्यातून जावी तशी सरळ जाते. चांगल्या सुरीला नावं ठेवून तुम्हाला काय मिळालं? तळोज्याचा कारखाना बंद पडल्यावर मला घरी बसायचं नव्हतं. तिथे सगळा जन्म मी दुसऱ्यांनी केलेला माल मोजून पास-नापास केला. स्वतःच्या हातानं काहीतरी करावं असं वाटलं, आणि हाताला आठवलं ते आपल्या घरचंच लोहारकाम. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडवी घालून बसते मी. सेक्रेटरीची बोलणी खाते, पण बसते. काशिरामसारखे आणखी दोघं परत आले तर हे मला गुंडाळावं लागेल.

आता एकच विचारते, आणि हे विचारताना माझी जीभ कडू झालीय. तुम्ही विळ्याला दाते पाडता ते कसे? मी ग्राइंडरनं पाडते. तुमचे छिन्नीचे असतात एवढं मला माहीत आहे, पुढचं नाही, कारण आईनं मला ते काम बघू दिलं नाही. तुम्हाला दिलं. मीही त्याच घरची आहे.

दिपा

*

कोन
१६ नोव्हेंबर

सौ. दिपावन्सं,

पत्र पोचलं. अक्षर सुंदर आहे तुझं, सुरीपेक्षा बरंच सरळ.

हो, बोलले मी तसं. काशिराम स्वतः सुरी घेऊन आला माझ्याकडे, मी बोलवायला गेले नव्हते. त्यानं माझ्या कानाशी ओरडून विचारलं, "वहिनी, ही तुमच्याकडची का?" मी पावाची लादी आणायला लावली, त्याच्यासमोर कापली. काप असा आला की वर बोट मावेल आणि खाली कागद. मग काय सांगायचं, वन्संचा माल आहे, डोळे मिटून घे? तू म्हणतेस तुझ्याकडे सरळ कापते. नाचता येईना, अंगण वाकडं. आता पाव वाकडा म्हणशील.

तुझ्या ग्राइंडरचंही सांगते. चाक फिरलं की पोलाद तापतं, निळं पडतं, पाणी उतरतं. आई भट्टीतून लाल पातं काढून पाण्यात बुडवायच्या तेव्हा आम्ही कोणी बोलायचो नाही, इतकं ते जपायचं काम. तू ते चाकाखाली घालवतेस आणि वर कारखान्यात होते म्हणून सांगतेस.

दाते कसे पाडतात ते सांगायला मी मोकळी नाही. आईंनी ऐरणीवर माझा हात ठेवून वचन घेतलं होतं की या घरच्या लेकीच्या हाती छिन्नी द्यायची नाही. लेक दुसऱ्या घरी जाते, हुन्नर घेऊन जाते, आणि उद्या तिच्या सासरचे आपल्यासमोर दुकान मांडतात. सुनेला शिकवायचं. सून कुठे जाणार? मला शिकवलं ते मी लाडकी होते म्हणून नाही, दोन वर्षं नुसती हातोडी मारून घेतली माझ्याकडून. आईंची छिन्नी, माझा घाव. चुकला की त्या घमेलं फेकायच्या अंगावर.

आता माझी सून आली आहे. नीलेशची बायको हेतल. तिला देणार मी ते. तू काळजी करू नकोस.

प्रमिला

*

खांदा कॉलनी
२४ नोव्हेंबर

वहिनी,

हेतलला! परवा भाजी मार्केटात भेटली होती मला. बँकेतून सुटून येत होती, नखं रंगवलेली. मला म्हणाली, "आत्या, मम्मी मला रविवारी छिन्नी पकडायला बसवतात. मी त्यांना बोलली, मम्मी, मला नाही जमणार, मला आवाजानं डोकं दुखतं. पण त्यांना ऐकूच येत नाही ना!" मग पोटभर हसली बिचारी. चांगली मुलगी आहे, तिला छळू नका. जिला नको तिच्या गळ्यात मारताय आणि जी मागतेय तिच्या तोंडावर दार लावताय. याला वचन म्हणत नाहीत, आडमुठेपणा म्हणतात.

ग्राइंडरचं तुमचं म्हणणं खरं निघालं. पातं निळं पडत होतं. तुम्ही टोमणा मारायला सांगितलंत, मी कामाला लावलं. आता चाक बंद केलं. छिन्नी घेतली, मऊ पात्यावर एकेक खाच तिरकी पाडली, मग भट्टीत घालून पाणी दिलं. बोटं सोलून निघाली. मला कोणी शिकवलं नाही. लहानपणी भात्याशी बसून तुमच्या दोघींचे आवाज ऐकायची, तेवढ्यावरून केलं. ठक, मग थोडं थांबणं, मग ठक.

सोबत ती सुरी पाठवते. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद आहे, सागवानी मूठ आहे. चार लोक बोलवा आणि त्यांच्यासमोर कापा. मी इथे सोसायटीतल्या बायकांसमोर टोमॅटो कापून दाखवला, साल फाटली नाही, चकती गोल आणि सारखी. तुमच्याकडे वाकडी कापली गेली तर एकच अर्थ होतो, की तुम्ही मुद्दाम मनगट फिरवता. खोटं बोलायला तोंडच लागतं असं नाही.

दिपा

*

कोन
२ डिसेंबर

दिपा,

बोलावले चार लोक. तुझ्या समाधानासाठी नाही, माझ्या नावासाठी. तू मला खोटारडी म्हटलंस.

मासळीवाली मालू आली, शेजारचे उदयसिंह आले, अंकुश होता, हेतल होती. मी हात लावला नाही. सुरी मालूकडे दिली. ती रोज पापलेट कापते, तिच्या मनगटाला कोण नावं ठेवणार? तिनं काकडी कापली. पहिली चकती बरी, मग सुरी सरकली, तिरकीच निघाली. मालू माझ्या कानाशी येऊन ओरडली, "वयनी, ही सुरी मनासारखी चालत नाय. आमी ओढतो हिकडं, ती जाते तिकडं." उदयसिंहांनी पाव कापला, तोच प्रकार. हेतलनं कापला, तिचा तर घसरून ताटात पडला. अंकुश साक्षीला आहे, त्याला विचार.

आता सुरीबद्दल. खाचा सारख्या अंतरावर नाहीत, मुठीजवळ तुझा हात घाईत होता. छिन्नी फार उभी धरलीस, म्हणून दाते बोथट. अजून आडवी पाहिजे. पाणी मात्र ठीक दिलंस, तेवढं मान्य करते. धार लावताना खाचांच्या अंगाला दगड घासलास, ते गाढवपण आहे. दगड सपाट अंगाला लावायचा, म्हणजे पातं झिजत जातं आणि दाते आपले आपण नवे होत राहतात. हे कोणीही धार लावणारा सांगेल, म्हणून सांगितलं. यात शिकवणं काही नाही.

पण सुरी वाकडी जाते ते यातल्या कशानं नाही. का जाते ते मला कळलंय. हातात घेतल्याबरोबर कळलं. सांगणार नाही. तू शंभर सुऱ्या केल्यास तरी शंभर वाकड्या जातील, आणि तुला कळायचं नाही, कारण तुझ्या हातात त्या सरळच जाणार. बस पाव कापत.

प्रमिला

*

खांदा कॉलनी
९ डिसेंबर

वहिनी,

अंकुशला विचारलं. तो म्हणाला, "आत्या, खरंच वाकडी गेली गं." म्हणजे तुम्ही खोटं बोलला नाहीत. त्याहून वाईट केलंत. उत्तर ठाऊक आहे आणि मूठ मिटून बसलाय.

तुमचं पत्र वाचल्यापासून रोज एक सुरी करतेय. छिन्नी आडवी धरली, दगड सपाट अंगाला लावला. रोज माझ्या हातात सरळ जाते आणि रोज दुसऱ्याच्या हातात वाकडी. सोसायटीतल्या बायकांनी त्या दिवशी नुसतं बघितलं होतं, आता स्वतः कापून बघितलं आणि हळूच परत ठेवली. वेड लागायची पाळी आली आहे. काशिरामच्या मागोमाग दोन खानावळीही गेल्या. सेक्रेटरी म्हणतो, जानेवारीपासून पार्किंग मोकळं करा. झालं ना मनासारखं?

आईनं मला का शिकवलं नाही ते मला पुरतं ठाऊक आहे. वचन वगैरे नंतरचं. मी डाव्या हाताची. हातोडी डाव्या हातात घेतली की ती ओरडायची, "डाव्या हातानं ऐरणीवर घाव नाय घालायचा गो, लक्ष्मी हाय ती!" जेवताना, लिहिताना माझा डावा हात फडक्यानं खुंटीला बांधून ठेवायची. लिहिणं उजवीकडे गेलं, बाकी काही गेलं नाही. भात्याची दोरी तेवढी मला ओढू द्यायची, कारण भात्याला डावं-उजवं चालतं. मी दोरी ओढत बसायची आणि तुम्ही परक्या घरून येऊन माझ्या आईसमोर मांडी घालून बसायचात. तुम्ही काल आलेल्या. मी तिथे जन्मलेली. आयत्या बिळावर नागोबा कोण, ते तुम्हीच सांगा.

तुम्ही माझी भट्टी विझवलीत. मीही काहीतरी देते तुम्हाला. ज्या हाताचा एवढा माज आहे तो हात झडो तुमचा. मग बसा सुनेच्या नखांकडे बघत.

उत्तर पाठवू नका.

दिपा

*

कोन
२० मार्च २०२५

दिपाआत्या,

मी हेतल. माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, सांभाळून घ्या. फोनवर सांगणार होते, पण मम्मी म्हणाल्या की तिनं कागदावर पाठवलं, आपणही कागदावर पाठवायचं.

जानेवारीत संक्रांतीच्या नंतर मम्मींना लकव्याचा अटॅक आला. सकाळी भट्टीसमोर बसल्या होत्या, हातोडी उचलली आणि हातातून पडली. त्यांना वाटलं दस्ता सैल झाला. परत उचलली, परत पडली. नीलेश पोर्टवर ड्यूटीला होता, मी आणि अंकुशनं टेम्पोतच घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय आता थोडा चालतो, फिजिओथेरपीवाला येतो. हात तसाच लटकतो. बोलणं जड झालंय, पण मला समजतं.

तुम्हाला कळवू दिलं नाही. अंकुशलाही शपथ घातली होती. तुमचं डिसेंबरचं पत्र त्यांच्या उशीखाली होतं, ते मी वाचलं. सॉरी, पण वाचलं. आत्या, मला तुमचा खूप राग आला. माझ्या घरी गुजरातीत पण लोक भांडतात, पण हात झडो असं कोणी लिहून पाठवत नाही. मी मम्मींना म्हटलं, असं काही नसतं, बीपीची गोळी तुम्ही घेत नव्हता म्हणून झालं. त्या म्हणाल्या, "गोळी मी आधी पण घेत नव्हते."

आता का लिहिते ते सांगते. मम्मींना दुसऱ्याच्या हातचं खायला आवडत नाही. डाव्या हातानं भाजी चिरायला बसतात. घरातली एकही सुरी त्यांना चालत नाही, सगळ्या वाकड्या जातात, मग ताट ढकलून देतात. परवा मी बँकेत असताना त्यांनी माळ्यावरून तुमची सुरी उतरवायला लावली मालूमावशीला. मी घरी आले तेव्हा ओट्यावर टोमॅटोच्या चकत्या होत्या, सगळ्या सारख्या. मम्मी त्यांच्याकडे बघत होत्या आणि रडत होत्या. मी या घरात आल्यापासून त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, पप्पा गेले तेव्हा पण नाही.

मला म्हणाल्या, दिपाला लिही. पुढचं त्या सांगतील, मी लिहीन.

हेतल

*

कोन
२ एप्रिल

दिपा,

अक्षर हेतलचं, शब्द माझे. तिनं कुठे साखर घातली तर मला कळणार नाही, तुला कळेल.

तुझा शाप लागला. पेढे वाट.

तू उत्तर दिलं नाहीस हेतलला. दिलं असतंस तरी मला काय फरक पडणार होता? अंकुश म्हणतो, आत्या पत्र वाचून टेम्पोच्या पायरीवरच बसली. बसू दे. मी गेले तीन महिने बसलेच आहे.

तुझी सुरी डाव्या हाताची आहे. एवढंच होतं ते. तू हातोडी डाव्या हातात धरतेस, छिन्नी उजव्या, मूठ तुझ्या डाव्या बाजूला. मग पात्याचं जे अंग वर येतं ते आमच्या उलटं. दाते उलट्या अंगाला पडले. सपाट अंग पावाकडे राहायला पाहिजे, दाते बाहेर. उजव्या हातात तुझी सुरी धरली की दाते पावाकडे येतात आणि पातं ढकलत नेतात. डाव्या हातात धरली की सगळं जागच्या जागी. म्हणून तुझ्याकडे सरळ, जगाकडे वाकडी. पातं उलटं ठेवून पाड, काशिराम हात जोडून परत येईल.

काशिरामनं पहिली सुरी आणली तेव्हाच मला हे दिसलं होतं. एका ओळीत सांगता आलं असतं. सांगितलं नाही, त्याला वचन कारण नव्हतं, वचनाची ढाल होती. मी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुला सगळं आलं असतं. मग मी कोण? तुझा दादा गेला, नीलेश कंटेनर मोजतो, हेतलला डोकेदुखी होते. या घरात माझं म्हणून हे एवढंच होतं, आणि ते तू पार्किंगमध्ये बसून नुसत्या आवाजावरून अर्धं काढलंस. मला तुझा इतका मत्सर वाटला की रात्री जेवण गेलं नाही. लिही गं हेतल, मत्सरच लिही.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तेव्हा माफी मागत नाही. तूही मागू नकोस, शाप कागदावरून खोडता येत नाही.

कामाचं बोलते. उजव्या अंगाचं कसं करायचं ते तू समजशील, पण दाते तुझे अजून बोथट आहेत. छिन्नी किती आडवी, कुठे दाब सोडायचा, मुठीकडे येताना खाच कशी बारीक करत न्यायची, हे लिहून सांगता येत नाही. ते हाताला हात लावूनच येतं. आणि देवाची मस्करी बघ. आम्ही उजवे लोक छिन्नी डाव्या हातात धरतो. माझा हातोडीचा हात गेला. छिन्नीचा हात शाबूत आहे.

मी ऐरणीच्या अलीकडे बसते, तू पलीकडे बस. छिन्नी मी धरते, हातोडी तू मार, तुझ्या डाव्या हातानंच मार. पोलाद कसं बोलतं ते तुझ्या मनगटाला कळेल. लेकीच्या हाती छिन्नी द्यायची नाही असं आईंना वचन आहे. छिन्नी मी देत नाहीच, ती माझ्या मुठीत राहील. हातोडीबद्दल आई काही बोलल्या नव्हत्या. डाव्या हाताबद्दल बोलल्या होत्या, पण आता या ऐरणीवर डावाच उरलाय.

माझा एकच हात राहिलाय, दिपा. तो तुझ्या हातोडीखाली ठेवते. तुला अजून काही द्यायचं राहिलं असेल तर नेम चुकव.

बोलायला येऊ नकोस, मला ऐकू येत नाही.

प्रमिला

*

खांदा कॉलनी
६ एप्रिल

वहिनी,

मी येणार नाही.

सुरीचं खरं निघालं. विझलेली भट्टी पुन्हा पेटवली, पातं फिरवून दाते पाडले, आणि शेजारच्या मुलीला पाव कापायला दिला. सरळ गेला. मग मी डाव्या हातात घेतली तर माझी वाकडी गेली. जमिनीवर बसून हसले आणि मग हसू थांबेना. माझ्या डोक्यात हे कधी आलं नाही, कारण मला आयुष्यात कुठलीच वस्तू सरळ चालली नाही. कात्री, विळी, डाव, कारखान्यातलं मशीन, सगळं जगाच्या उजव्या हाताचं. मी समजायचे की वस्तू अशीच असते, थोडी भांडतेच. स्वतः केलेली सुरी पहिल्यांदा भांडली नाही. मला वाटलं, ही जगातली सगळ्यात चांगली सुरी आहे. कारखान्यात नोकरी करून मला एवढं कळू नये!

तुम्ही ते लपवलंत याचा राग अजून आहे. तो जाणार नाही. पण तुमच्या हातावर मी हातोडी चालवू शकत नाही. ते शब्द मी लिहिले तेव्हा मला ते हवं होतं, वहिनी. नुसतं रागानं लिहिलं असं म्हणून मला सुटता येत नाही. मला तुमचा हात जायला हवा होता, आणि गेला. आता तुमचा दुसरा हात समोर ठेवून मला घाव घालायला सांगता? नेम चुकेल, मुद्दाम नाही, पण चुकेल.

दाते बोथट राहिले तर राहू देत.

दिपा

*

कोन
२७ एप्रिल

दिपा,

हेतल लिहिते आहे. ती म्हणते, मम्मी, थोडं प्रेमानं सांगा. मी म्हटलं, तू लिही.

येणार नाही म्हणून लिहिलंस आणि आठवड्यानं आलीस, तेही पाण्याची बाटली आणि स्वतःची हातोडी घेऊन. हातोडी हलकी आहे, पुढच्या वेळी आणू नकोस, इथे आईंची आहे. उंबऱ्यावर थांबलीस, मग आत आलीस. आता परत ते पाय लागणार नाही वगैरे लिहू नकोस, कागद फुकट जातो.

त्या शनिवारचं सांगते. पहिल्या सगळ्या खाचा चांगल्या पडल्या. तुझं मनगट मऊ आहे, माझं तसं नव्हतं. मग तू घावाकडे बघायचं सोडून माझ्या बोटांकडे बघायला लागलीस. तिथेच चुकलं. अंगठ्यावर मारलीस. लागलं, खोटं कशाला सांगू, ब्रह्मांड आठवलं. पण तू हातोडी टाकून, माझा हात पोटाशी धरून जे रडत बसलीस ते कशासाठी? तोंडानं काहीतरी सारखं म्हणत होतीस. मला ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. नंतर हेतलनं कानाशी तोंड लावून सांगितलं काय म्हणत होतीस ते. मी तिला सांगितलं, मला हे ऐकू आलं नव्हतं तेच बरं होतं.

त्यानंतर तू आलीच नाहीस. सुरी ऐरणीवर अर्धी पडून आहे, निम्म्याला दाते, निम्मी कोरी. अशी अर्धी सुरी या घरात कोणी ठेवली नाही.

माझं नख काळं पडलंय, ते गळेल आणि नवं येईल. आईंनी मला शिकवलं तेव्हा त्यांची दोन नखं मी घालवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परत छिन्नी धरून बसल्या होत्या.

मी भट्टी पेटवायला लावली आहे. ये.

प्रमिला